मे महिन्याच्या सुट्टीत लंडनमध्ये घर भाड्याने घेताना

पाच माणसं, सहा आठवडे आणि हॉटेलच्या दोन खोल्या, असा हिशेब आम्ही पहिल्यांदा मांडला तेव्हा बेत तिथंच सोडून द्यावासा वाटला. पैशांचा प्रश्न होताच. पण सासऱ्यांना पहाटे चहा लागतो, धाकट्याला रात्री आठच्या आत वरणभात लागतो, आणि हे हॉटेलात सहा आठवडे कसं निभावायचं, हा त्याहून मोठा प्रश्न होता. म्हणून घर भाड्याने घेतलं. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि त्याआधी तीन महिने केलेल्या शोधाशोधीतून आलेलं आहे. माझं म्हणणं असं, की लंडनमधलं घर निवडताना ‘बिग बेनपासून किती लांब’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी आंघोळ, स्वयंपाक, जिना आणि स्टेशन बघावं. आणि पैसे भरण्यापूर्वी ते घर खरोखर देणाऱ्याचं आहे ना, याची खात्री करावी.

तारखा आणि व्हिसा

आपल्या मुलांची सुट्टी मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. इंग्लंडमधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते. म्हणजे आपण जातो तेव्हा तिथली गर्दी अजून सुरू झालेली नसते, आणि हा आपला मोठा फायदा आहे. फक्त मेच्या अखेरीस त्यांच्या शाळांना एक आठवडा सुट्टी असते, आणि मेचा पहिला व शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्या दिवसांत भाडं चढतं. सलग मोठा मुक्काम असेल तर फार फरक पडत नाही, पण दोनच आठवडे जाणार असाल तर हा आठवडा टाळा.

व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मेच्या सुरुवातीला निघायचं असेल तर फेब्रुवारीतच कागदपत्रं तयार ठेवा. अर्जात कुठे राहणार ते लिहावं लागतं, म्हणून घर आधी शोधावं लागतं. पण व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुणालाही देऊ नका. आरक्षण करताना रद्द करण्याची अट शब्द न् शब्द वाचा. एअरबीएनबीवर, म्हणजे लोकांची घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर, २८ किंवा जास्त रात्रींच्या मुक्कामाला रद्द करण्याचे नियम वेगळे असतात. मागे चार दिवस महाबळेश्वरला घर घेतलं तेव्हा पैसे परत मिळाले होते, तसं इथे होईलच असं नाही.

घर कुणाकडून घ्यायचं

मार्ग तीन-चार आहेत. एक, एअरबीएनबीसारख्या व्यासपीठावरून कुणाचं तरी राहतं किंवा गुंतवणुकीचं घर. दोन, सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारखी व्यवस्था असलेले फ्लॅट. तीन, विद्यापीठांची वसतिगृहं. ती उन्हाळ्यात विद्यार्थी गेल्यावर बाहेरच्यांना देतात, पण बहुतेक खोल्या जूननंतरच मोकळ्या होतात, त्यामुळे आपल्या सुट्टीशी त्यांचा मेळ क्वचितच बसतो. चौथा मार्ग आपल्या लोकांमध्ये फार चालतो: व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो, ‘आम्ही सुट्टीत भारतात जातोय, घर कुणाला हवंय का?’

या चौथ्या मार्गाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच मराठी माणूस ओळखीवर विसंबून अडकतो. समोरचं कुटुंब सज्जन असेल, तुमच्या आत्येबहिणीच्या शेजारचं असेल, तरी ते स्वतः भाडेकरू असू शकतं. तसं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी हवी. फ्लॅट स्वतःचा असला तरी इमारतीच्या लीजमध्ये अल्प मुदतीनं घर द्यायला मनाई असू शकते, आणि नव्या संकुलांमध्ये अशी मनाई बऱ्याचदा असते. इमारतीच्या दारात बसलेला रखवालदार दोन दिवस तुम्हाला ओळखपत्र विचारत राहिला, की सुट्टीची मजा संपते. आणि ते घर नगरपालिकेनं किंवा गृहसंस्थेनं सवलतीत दिलेलं असेल, तर मालकांना न विचारता ते पूर्णपणे दुसऱ्याला देणं हा तिथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो. त्याबद्दल २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून ओळखीचं घर असलं तरी ‘दादा, परवानगीचं पत्र पाठवता का?’ एवढं मोकळेपणानं विचारा. खरा माणूस रागावत नाही.

लंडनचा आणखी एक नियम माहीत हवा. राहतं घर परवानगीशिवाय तात्पुरत्या मुक्कामासाठी वर्षाला जास्तीत जास्त ९० रात्रीच देता येतं. २०१५ च्या कायद्यानं ही मुभा आली, आणि ती जानेवारी ते डिसेंबर अशी मोजतात. तुमचे सहा आठवडे म्हणजे त्यातल्या ४२ रात्री. मे महिन्यात मालकाकडे बहुतेक कोटा शिल्लक असतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपलेला असू शकतो. तरी विचारून घ्या. कोटा संपला म्हणून ‘उरलेले दोन आठवडे आपण बाहेरून रोखीनं करू’ असं कुणी म्हणालं, तर ते घर सोडा.

सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेणार असाल तर २८ हा आकडा लक्षात ठेवा. तिथल्या करनियमाप्रमाणे हॉटेलसारख्या निवाऱ्यात सलग २८ दिवसांहून जास्त राहिलात, तर २९व्या दिवसापासून व्हॅट पूर्ण भाड्यावर लागत नाही, फक्त सेवांच्या हिश्श्यावर लागतो. हा हिस्सा किमान २० टक्के धरतात. २० टक्क्यांचा कर त्या हिश्श्यावर म्हणजे प्रत्यक्षात चार टक्क्यांच्या आसपास. २६ दिवसांचा बेत असेल तर ३३ दिवसांचा भावही मागवून बघा.

जाहिरातीतले शब्द आणि मापं

तिथे ‘वन बेड’ म्हणजे आपला वन बीएचके, ‘टू बेड’ म्हणजे टू बीएचके आणि स्टुडिओ म्हणजे वन आरके. ग्राउंड, फर्स्ट, सेकंड हे मजले आपल्यासारखेच मोजतात. इथवर सोपं आहे. पण जाहिरातीत कार्पेट एरिया बऱ्याचदा नसतो, आणि रुंद भिंगानं काढलेल्या फोटोत दहा बाय आठची खोली दिवाणखान्यासारखी दिसते.

यावर एक हुकमी उपाय आहे. इंग्लंडमध्ये विकल्या किंवा भाड्यानं दिल्या जाणाऱ्या घराला ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, आणि ती प्रमाणपत्रं सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. पोस्टकोड, म्हणजे तिथला पिनकोड, टाकायचा, इमारत शोधायची, की त्या घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. त्याला १०.७६ नं गुणलं की चौरस फूट. आमच्या यादीतलं एक ‘प्रशस्त’ घर असं तपासलं, तर ४८ चौरस मीटर निघालं, म्हणजे जेमतेम ५१६ चौरस फुटांत पाच माणसं. व्यासपीठावर नेमका पत्ता आरक्षणानंतरच दिसतो, म्हणून विनाशुल्क रद्द करता येण्याच्या मुदतीतच ही तपासणी उरका.

पलंगाचंही माप विचारा. इंग्रजी ‘डबल बेड’ साडेचार फूट रुंद असतो आणि ‘किंग’ पाच फूट. आपल्या सहा फुटी पलंगाची सवय असलेले आई, बाबा आणि चार वर्षांचं मूल साडेचार फुटांत मावत नाहीत. आमच्याकडे पहिल्या रात्रीच एक जण सोफ्यावर गेला.

कुठल्या भागात

ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या मेट्रो रेल्वेचं, जाळं झोनमध्ये वाटलेलं आहे. मध्य लंडन म्हणजे झोन १. तिथे घर घेतलंत तर तेवढ्याच पैशात एक खोली कमी मिळते, आणि कोथिंबीर-मिरचीसाठी ट्यूबनं बाहेर जावं लागतं. मराठी कुटुंबाला माझा सल्ला वायव्य लंडनचा: विल्सडन ग्रीन, डॉलिस हिल, वेम्ब्ली पार्क, ऑल्परटन, हॅरो. वेम्ब्ली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइननं बेकर स्ट्रीट साधारण पंधरा मिनिटांवर आहे. ऑल्परटन-वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे. तिथे तूरडाळ, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं, आणि मे महिन्यात हापूसही. नीस्डनचं स्वामीनारायण मंदिर (१९९५) बसनं जवळ पडतं. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही डॉलिस हिललाच आहे. तुमच्या तारखांमध्ये तिथे काही कार्यक्रम आहे का, हे निघण्याआधी बघून ठेवा. परदेशात नातवंडांनी आजी-आजोबांबरोबर मराठी नाटक किंवा गाणं ऐकणं ही त्या सुट्टीतली मोठी आठवण ठरू शकते.

दक्षिणेकडे टूटिंग आणि पश्चिमेकडे साउथॉल हेही आपल्या जेवणाला सोयीचे भाग आहेत. साउथॉलला आता एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे आहे, त्यामुळे पूर्वीसारखं आडबाजूचं वाटत नाही.

वेम्ब्लीची एक अडचण सांगायला हवी. स्टेडियममध्ये सामना किंवा मोठा गाण्याचा कार्यक्रम असला की वेम्ब्ली पार्क स्टेशनवर हजारोंची झुंबड असते. कार्यक्रमांचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. ते बघा आणि त्या दिवशी दुपारी चारनंतर आजी-आजोबांना घेऊन बाहेर पडू नका.

वडीलधारी मंडळी सोबत असतील तर घराइतकंच स्टेशनही तपासा. बरीच जुनी स्टेशनं जिन्यांची आहेत. लिफ्ट असलेल्या स्टेशनांचा वेगळा नकाशा ट्रान्सपोर्ट फॉर लंडन प्रसिद्ध करतं. वेम्ब्ली पार्क आणि हॅरो-ऑन-द-हिल इथे लिफ्ट आहे. घराच्या बाबतीत ‘कन्व्हर्जन’ हा शब्द दिसला की सावध व्हा. जुन्या बंगल्याचे भाग करून बनवलेले फ्लॅट म्हणजे कन्व्हर्जन. त्यात लिफ्ट जवळजवळ नसतेच, आणि जिना अरुंद व चढा असतो.

पैसे देण्याआधीची पडताळणी

व्हिडिओ कॉल मागा आणि तो मालकाला घरातून फिरत करायला सांगा. नळ सोडा म्हणा, खिडकीतून रस्ता दाखवा म्हणा, मुख्य दारावरचा क्रमांक दाखवा म्हणा. जाहिरातीतला फोटोच इंटरनेटवर शोधायला टाका आणि तो आणखी कुठे आहे ते बघा. तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडले, तर विषय संपला. इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीत सात पाउंड भरून कुठल्याही नोंदणीकृत घराच्या मालकाचं नाव बघता येतं. ते नाव तुमच्याशी बोलणाऱ्याचं नसेल, तर त्याला नातं किंवा करार विचारा. सहा आठवड्यांच्या भाड्यापुढे सात पाउंड काहीच नाहीत.

‘व्यासपीठाचं कमिशन वाचेल, थेट खात्यात पाठवा’ या गळाला लागू नका. नेहमीच्या भाडेकराराला तिथे अनामत रक्कम संरक्षित योजनेत ठेवण्याचं बंधन असतं, पण सुट्टीच्या मुक्कामाला ते लागू नाही. पैसे थेट दिले की ते परत मिळवणं सर्वस्वी समोरच्याच्या सचोटीवर राहतं.

क्रेडिट कार्डानं भरताना रुपये की पाउंड असं विचारलं, तर पाउंड निवडा. रुपयांतल्या दरात व्यापाऱ्याचा नफा मिसळलेला असतो. शिवाय तुमची बँक विदेशी चलनावर वेगळा आकार लावते. बऱ्याच कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी असा असतो. मोठी रक्कम भरण्याआधी कमी आकाराचं कार्ड मिळतंय का ते बघा.

न्हाणीघर

फोटोत कुणी बघत नाही आणि नंतर रोज भोवते अशी ही जागा. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते. जमीन बऱ्याचदा लाकडी असते आणि खाली दुसऱ्याचं छत असतं. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात सवयीनं टबाबाहेर उभं राहून बादलीनं आंघोळ झाली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई दार ठोठावत आल्या, त्यांच्या छतावर ओला डाग पडला होता. त्या सौजन्यानं बोलल्या, पण रंगाचे पैसे आम्हाला द्यावे लागले आणि सासूबाई दोन दिवस अस्वस्थ होत्या. तेव्हा घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाखवा: आंघोळ टबाच्या किंवा शॉवरच्या आतच, पडदा टबाच्या आत सोडलेला, बाहेर पाय ठेवायला जाड टॉवेल. शौचासाठी पाण्याची सोय नसतेच. प्लास्टिकचा छोटा तांब्या इथूनच न्या. टबाची कड उंच असते, गुडघे दुखणाऱ्यांना ती ओलांडणं जड जातं. म्हणून ‘वॉक-इन शॉवर आहे का’ हे आरक्षणाआधी विचारा.

गरम पाणी टाकीचं की कॉम्बी बॉयलरचं, हेही विचारून घ्या. बॉयलर असेल तर पाणी संपत नाही. टाकी असेल तर तिसऱ्या माणसाला गार पाणी येतं, आणि मग आंघोळीचे नंबर सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यावे लागतात.

स्वयंपाकघर

शेगडी इंडक्शनची असू शकते. तसं असेल तर इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर सोबत न्या, ॲल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापत नाही. धुराची घंटी प्रत्येक घरात असते आणि मोहरी तडतडली की ती वाजू शकते. फोडणी करताना खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, मिरच्या तळणं टाळा. घंटी काढून ठेवू नका. ती तुमच्याच जिवासाठी आहे.

सामानात गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या जरूर न्या. पण तूप, पेढे, खवा, चीज असं दुधाचं काहीही आणि मांसाचं काहीही भारतातून नेता येत नाही. ताज्या फळांवर आणि पाल्यावरही निर्बंध आहेत, त्यामुळे आंब्याची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा.

कपडे धुण्याचं यंत्र बहुधा स्वयंपाकघरातच असतं. धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात असेल तर एका खेपेला तीन-चार तास लागतात. पाच माणसांसाठी कपडे वाळत घालायचा स्टँड आहे का ते विचारा.

झोप, थंडी आणि ऊन

जूनमध्ये लंडनला पावणेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. जाड पडदे नसतील तर लहान मुलं पहाटे पाचला जागी होतात. मेच्या सुरुवातीला रात्री चांगलीच थंडी असते. हीटिंग भाड्यात धरलंय की त्याला मर्यादा आहे, ते करारात बघा. उलट ऊन वाढलं की घरात एसी नसतो, छताला पंखाही नसतो. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा ४०.३ अंशांवर गेला होता. सगळ्यात वरच्या मजल्याचं, पश्चिमेकडे खिडक्या असलेलं घर जूनमध्येही तापतं. मालकाकडे टेबलफॅन मागा.

आजारपण

पाहुण्यांना तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातले उपचार फुकट मिळतात, पण दाखल व्हावं लागलं तर सहा महिन्यांहून कमी काळासाठी आलेल्या बाहेरच्या माणसाला सरकारी दराच्या १५० टक्के आकारणी होते. ज्येष्ठांचा विमा घेताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका. नेमक्या त्याच कारणानं दावा नाकारला जातो. सल्ल्यासाठी १११, जीवघेण्या प्रसंगी ९९९.

रोजचं फिरणं

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं वेगळं कार्ड लागतं, बँकेचं किंवा ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं, आणि दर वेळी तेच कार्ड टेकवलं तरच दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा लागू होते. ११ वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट, आणि ट्यूबमध्ये तिकीट असलेल्या एका मोठ्या माणसाबरोबर अशी चार मुलं फुकट. ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ऑयस्टर कार्डावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या, १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं पडतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघालात तर ट्यूब स्वस्त पडते आणि बसायलाही मिळतं.

एक दिवस चॉक फार्मजवळच्या १०, किंग हेन्रीज रोडसाठी ठेवा. शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर याच घरात राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. आमची मुलं त्या छोट्या खोलीत बराच वेळ गप्प उभी होती.

किल्ली घेताना आणि देताना

पोचल्यावर सामान उघडण्याआधी दाराबाहेरून सुरुवात करून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. गादी उचलून, ओव्हन उघडून, भिंतींवरचे डाग जवळून दाखवून. काही मोडकं असेल तर त्याच दिवशी व्यासपीठावरच्या संदेशातून कळवा, फोनवर नाही. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात आणि वारही ठरलेले असतात, ते लिहून फ्रिजवर चिकटवा. रात्री अकरानंतर मुलांची पळापळ आणि यंत्राचा आवाज बंद, खालच्या घरात सगळं ऐकू जातं.

निघायच्या आदल्या दिवशी ओव्हन आणि शेगडीवरचं तेल पुसा. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर राहिला असेल तर बेकिंग सोडा ओला करून लावून ठेवा. मग पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, शेवटी किल्ली पेटीत टाकतानाचा फोटो. एअरबीएनबीवर मालकाला नुकसानीचा दावा करायला तुम्ही गेल्यापासून १४ दिवस मिळतात. पुण्याला परतल्यावर फोनमध्ये जागा नाही म्हणून दोन्ही व्हिडिओ लगेच पुसू नका.